प्लॅन ३०० चा, स्पीड ९४ वर अडकलेला आणि राउटर मध्येच बंद-चालू: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

१०० एमबीपीएसचा प्लॅन वाढवून ३०० किंवा ५०० चा केला की दोन तक्रारी हमखास सुरू होतात. पहिली म्हणजे बिल वाढलं, पण स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. दुसरी म्हणजे आधी नीट चालणारं नेट आता संध्याकाळी दोन-तीनदा जातं, राउटर आपोआप बंद होतो आणि पुन्हा चालू होतो. दोन्हींवर कस्टमर केअरचं उत्तर एकच असतं: बॉक्स बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. त्याने तात्पुरतं बरं वाटतं, कारण तापलेला भाग थंड होतो आणि लिंक नव्याने जुळते. दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि दुसऱ्या दिवशी परत डोकं वर काढतो.

म्हणून पहिली विनंती अशी की नेट गेलं की लगेच स्विचकडे हात नेऊ नका. रीस्टार्ट केल्याने पुरावा पुसला जातो. आधी तीस सेकंद ओएनटीचे, म्हणजे फायबर ज्यात येते त्या पांढऱ्या बॉक्सचे, दिवे बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

दिवे काय सांगतात

सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक करून लागत असतील तर बॉक्सला वीज नीट मिळत नाही. अशा वेळी अडॅप्टर, मिनी यूपीएस किंवा सॉकेट तपासायचं, फायबरवाल्याला बोलवून उपयोग नाही. पॉवरचा दिवा स्थिर आहे आणि एलओएसचा (फायबरचा सिग्नल गेल्याचं सांगणारा) दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाही किंवा फारच कमी येतो. एलओएस विझलेला आहे पण पॉनचा (कंपनीच्या फायबर जाळ्याशी जोडणी दाखवणारा) हिरवा दिवा लुकलुकतच राहतो, याचा अर्थ प्रकाश येतो आहे, पण पलीकडच्या यंत्राने तुमचा बॉक्स ओळखून आत घेतलेला नाही. नवीन बॉक्स बसवला आणि त्याचा सिरीयल नंबर कंपनीच्या बाजूला नोंदवायचा राहिला की नेमकं हेच होतं. पॉन स्थिर पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर लॉगिनचा प्रश्न आहे: पासवर्ड, थकलेलं बिल किंवा कंपनीच्या सर्व्हरची अडचण. आणि सगळे दिवे हिरवे असूनही मोबाइलवर नेट रडत असेल तर दोष वाय-फायमध्ये किंवा घरातल्या तारेत आहे.

९४ हा आकडा कुठून येतो

लॅन पोर्ट १०० एमबीपीएसवर जुळलं की स्पीड टेस्टमध्ये ९४ च्या आसपासच आकडा येतो. हे गणित पक्कं आहे. १५०० बाइटचं एक पॅकेट तारेवर जाताना पुढचं-मागचं सगळं धरून १५३८ बाइट जागा घेतं आणि त्यात खरा माल साधारण १४४८ बाइट असतो. १४४८ ला १५३८ ने भागलं की ०.९४ येतात. पीपीपीओई (राउटरमध्ये नाव-पासवर्ड भरून होणारं) लॉगिन असेल तर आणखी किंचित कमी. त्यामुळे ३०० च्या प्लॅनवर पुन्हा पुन्हा ९२ ते ९५ दिसत असेल तर ओएनटी ते लॅपटॉप या रस्त्यात कुठेतरी एक जोड १०० वर जुळलेला आहे, असा पहिला संशय घ्यायचा.

एक सावधगिरी मात्र हवी. तुमचा जुना प्लॅन १०० चा होता आणि नवा अजून लागूच झाला नसेल तरीही आकडा याच्याच जवळपास येऊ शकतो. म्हणून अंदाज बांधत बसू नका, लिंक स्पीड थेट बघा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग इथरनेट उघडलं की खाली लिंक स्पीड दिसतो: १००/१०० किंवा १०००/१०००. राउटरच्या पानावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर, स्टेटसमध्ये डब्ल्यूएएन पोर्टचा, म्हणजे ओएनटीकडून वायर येते त्या पोर्टचा, वेगही असतो. दोन्ही ठिकाणी १००० दिसतंय आणि तरी स्पीड १०० च्या आसपास आहे, तर प्लॅन लागलेला नाही. कंपनी नवीन वेगाची मर्यादा तुमच्या खात्यावर लावते, पण ती बहुतेक ठिकाणी पुढच्या लॉगिनपासून लागू होते. राउटरच्या पानावरून डिस्कनेक्ट आणि कनेक्ट केलं तरी पुरतं. वेग एकदम ४-५ वर आला असेल तर महिन्याचा डेटा संपला आहे का तेही ॲपमध्ये बघा. "अमर्याद" म्हणून विकलेल्या बऱ्याच प्लॅनना ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढत असेल तर ती गाठायला फार वेळ लागत नाही.

लिंक १०० दिसली की पुढचा क्रम असा.

पहिलं, ओएनटीवरचं पोर्ट. केबलवाल्यांकडून येणाऱ्या अनेक बॉक्सवर चार किंवा दोन लॅन पोर्ट असतात, पण त्यातलं एकच गिगाबिट असतं आणि बाकीची १०० ची. गिगाबिट पोर्ट बहुधा लॅन-१ असतं. त्याच्याजवळ जीई आणि बाकीच्यांजवळ एफई असं बारीक छापलेलं असतं, किंवा खालच्या स्टिकरवर १जीई+३एफई असं लिहिलेलं असतं. बसवणाऱ्या मुलाने राउटरची वायर लॅन-२ मध्ये घातलेली असते, कारण १०० च्या प्लॅनला फरक पडत नव्हता. ती काढून लॅन-१ मध्ये घातली की एक पैसाही न खर्चता प्रश्न मिटू शकतो.

दुसरं, तुमचा स्वतःचा राउटर. खोक्यावर ३०० किंवा १२०० लिहिलेलं असतं ते वाय-फायच्या कागदी वेगाबद्दल, पोर्टबद्दल नव्हे. एसी१२०० म्हणजे एका बँडचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची बेरीज. असे कितीतरी स्वस्त राउटर आहेत ज्यांची सगळी पोर्ट १०० चीच असतात. त्या राउटरमागे तुम्ही ५०० चा प्लॅन घ्या की १००० चा, ९४ च्या पुढे काही मिळणार नाही. विकत घेताना पोर्टच्या ओळीत १०/१००/१००० हे तिन्ही आकडे आहेत का, एवढं एकच वाचा.

तिसरं, मधल्या वस्तू. जुना पाच पोर्टचा स्विच, भिंतीतलं लॅन सॉकेट, लॅन केबलवर लावलेलं विजेपासून संरक्षण देणारं डबडं, यूएसबीला लावायचा लॅन डोंगल. स्वस्त डोंगल बरेचदा १०० चेच असतात. टीव्हीचंही तेच: चांगल्या महाग ४के टीव्हीवरही लॅन पोर्ट १०० चं असणं नेहमीचं आहे, म्हणून टीव्हीवर स्पीड टेस्ट करून निष्कर्ष काढू नका. टीव्हीला ४के चित्रपटासाठी २५ पुरतात, त्यामुळे तिथे बिघडतही काही नाही.

तारेतली एक जोडी

चौथं आणि सगळ्यात फसवं म्हणजे खुद्द केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच लागतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असेल, उंदराने कुरतडली असेल, पिन नीट दाबली गेली नसेल, तर दोन्ही टोकांची यंत्रं गुपचूप १०० वर तडजोड करतात. दिवा लागतो, नेट चालतं, कुठेही चूक दाखवत नाही. म्हणूनच १०० च्या प्लॅनवर पाच वर्षं बिनतक्रार चाललेली केबल ३०० च्या प्लॅनवर पहिल्याच दिवशी उघडी पडते.

जुन्या सोसायट्यांत आणखी एक प्रकार दिसतो. एकाच केबलच्या चार जोड्यांतल्या दोन एका घराला आणि दोन शेजारच्या घराला दिलेल्या असतात. जिन्यातल्या पेटीत कनेक्टरमधून चारच रंगीत तारा आत जाताना दिसल्या की ओळखा. ती तार कितीही निगुतीने जपली तरी गिगाबिट होणार नाही. नवी ओढावीच लागते.

कनेक्टर नव्याने मारायचा असेल तर क्रम लिहून घ्या. कनेक्टरची खिट्टी खाली आणि सोनेरी पिना वर ठेवून डावीकडून: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. नेमकी चूक होते ती निळ्या जोडीपाशी. पुष्कळ जण रंग दिसतील तसे जोडीजोडीने लावतात: केशरीच्या दोन, हिरवीच्या दोन, निळीच्या दोन, तपकिरीच्या दोन. दोन्ही टोकांना सारखंच केलेलं असल्याने आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही हिरवे दाखवतो. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेला एकाच पिळाच्या तारा जायला हव्यात, त्या इथे वेगवेगळ्या पिळांतल्या जातात. पिळामुळे जो गोंगाट छाटला जातो तो छाटला जात नाही, आणि लिंक कधी १०० वर पडते, कधी १००० वर जुळून पॅकेट गाळत राहते. टेस्टर हिरवा म्हणजे केबल चांगली, असं म्हणूनच मानू नका. तारा उलगडतानाही अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ सोडू नका, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आतपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे ताण नुसत्या तारांवर येणार नाही.

केबल विकत घेताना कॅट-५ई पुरते. गिगाबिट तिच्यावर १०० मीटरपर्यंत जातं. कॅट-७ किंवा कॅट-८ लिहिलेल्या चपट्या वायरींवर पैसे घालवू नका. बघायचं ते हे की आत शुद्ध तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ॲल्युमिनियम. अशी तार दोन-चारदा वाकवली की तुटते आणि कनेक्टरमध्ये काही महिन्यांत सैल पडते. भिंतीत कायमची टाकायला ती मुळीच घेऊ नका.

मे महिन्यातल्या वळवाच्या वादळांनंतर तपासायची एक गोष्ट: एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर टांगलेली लॅन केबल. जवळपास वीज पडली की त्या तांब्यात झटका बसतो आणि पोर्ट मरतं किंवा अर्धवट मरतं. अर्धवट मेलेलं पोर्ट नव्या कोऱ्या केबलवरही १० किंवा १०० वरच जुळतं. दोन इमारतींच्या मध्ये फायबरच असावी, हा आग्रह केबलवाल्याकडे जरूर धरा.

आपोआप बंद-चालू: अडॅप्टरची खरी परीक्षा

दुसऱ्या तक्रारीत पहिला आरोपी अडॅप्टर. त्याच्या आत कॅपॅसिटर असतात, आणि उष्णतेत ते वाळत जातात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशोब आहे. टीव्हीच्या कपाटामागे, बंद खणात, एकावर एक ठेवलेल्या राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या गर्दीत अडॅप्टर दोन-तीन वर्षं चोवीस तास चालतो. तो एकदम मरत नाही. दुपारी दोन मोबाइल जोडलेले असताना राउटर कमी करंट खातो, तेवढा तो देतो. रात्री नऊला सगळं घर ऑनलाइन आलं, दोन्ही बँड जोरात चालू लागले की मागणी वाढते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. प्लॅन वाढवल्यावर हे सुरू होतं त्याचं कारणही हेच: नवा दोन बँडचा राउटर जुन्यापेक्षा जास्त करंट खातो आणि त्याला जुनाच अडॅप्टर लावलेला असतो, कारण पिन बसली.

नुसता मल्टिमीटर लावून १२.२ व्होल्ट दिसले म्हणजे अडॅप्टर चांगला, हा समज चुकीचा आहे. भार नसताना मरणासन्न अडॅप्टरही १२ दाखवतो. भार लावून मोजा:

१. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून स्क्रू लावायचा डीसी जॅक आणि १० ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणा.
२. रेझिस्टर फरशीच्या तुकड्यावर ठेवा, दोन टोकं जॅकच्या स्क्रूंमध्ये घट्ट करा. १२ व्होल्टवर तो १.२ अँपिअर खेचतो, म्हणजे साधारण १४ वॅट उष्णता. भाजण्याइतका तापतो, हात लावू नका.
३. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून जॅकच्या स्क्रूंवर टोकं धरा आणि अडॅप्टर चालू करा.
४. एक मिनिटभर आकडा बघा. ११.४ च्या वर स्थिर राहिला तर ठीक. ११ च्या खाली गेला, हळूहळू घसरत राहिला किंवा नाचत राहिला तर अडॅप्टर फेकून द्या.

ही परीक्षा १.५ अँपिअर किंवा जास्तीच्या अडॅप्टरसाठी आहे. १ अँपिअरच्या अडॅप्टरला १५ ओहमचा रेझिस्टर घ्या, म्हणजे ०.८ अँपिअर खेचले जातील. रेझिस्टर नसेल तर दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब चालतो; तोही साधारण तेवढाच करंट घेतो. थंड बल्ब पेटताना क्षणभर जास्त खेचतो, त्यामुळे पहिला झटका सोडून द्यायचा.

अडॅप्टर उघडून कॅपॅसिटर बदलण्याच्या फंदात घरी पडू नका. आतला मोठा कॅपॅसिटर २३० व्होल्टच्या लाइनवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी धरून असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच भरलेला राहू शकतो.

नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त. जास्त अँपिअरने राउटर जळत नाही. लागेल तेवढंच तो घेतो. १२ च्या जागी ९ किंवा १५ व्होल्ट मात्र कधीच नको. पिन मधल्या बाजूला धन आहे का, हे दोन्ही स्टिकरवरच्या चिन्हावरून जुळवून बघा. पिनेच्या मापाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटरच्या दिसतात, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये जाते, पण सैल बसते. मग पंख्याचा वारा लागून वायर हलली तरी राउटर बंद होतो आणि माणूस राउटरला दोष देतो. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह, आयएस १३२५२ हा क्रमांक आणि आर अक्षरापुढचा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून खरा आहे का ते बघता येतं.

अडॅप्टर पास झाला तरी सॉकेट बघाच. एक्स्टेंशन बोर्डातली ढिली पट्टी, काळवंडलेली पिन यांनीही हेच होतं. दोन दिवस अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून ठेवा.

मिनी यूपीएस मध्ये असेल तर

लाईट जाण्यावर उपाय म्हणून मिनी यूपीएस लावलेला असेल तर दोष शोधताना तो आधी बाजूला काढा. अडॅप्टर थेट राउटरला जोडा आणि दोन दिवस बघा. रीस्टार्ट थांबले तर उत्तर मिळालं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे एकाच अडॅप्टरला आता राउटरही चालवायचा आहे आणि बॅटरीही भरायची आहे. राउटर १ अँपिअर खात असेल आणि अडॅप्टर १ अँपिअरचाच असेल तर लाईट आल्यावर बॅटरी भरताना व्होल्टेज बसणारच. २ अँपिअरचा अडॅप्टर द्या. दुसरं म्हणजे स्वस्त मिनी यूपीएस बॅटरीचं व्होल्टेज जसंच्या तसं बाहेर देतात. तीन सेल भरलेले असताना १२.६ व्होल्ट, उतरत जातील तसे ९ कडे. राउटर साधारण १०-११ च्या आसपास डळमळू लागतो, त्यामुळे बॅटरी अर्धी शिल्लक असतानाच नेट जातं. ज्यावर बाहेरचं व्होल्टेज १२ वर स्थिर राहील असं स्पष्ट लिहिलेलं असेल तोच घ्यावा.

किती वेळ चालेल याचा हिशोबही करून बघा. ७८०० एमएएच लिहिलेलं असतं ते तीन सेलची बेरीज करून, ३.७ व्होल्टवर. म्हणजे २८.९ वॅट-तास. रूपांतरात थोडं जातं, २४ धरा. राउटर आणि ओएनटी मिळून ८ वॅट खात असतील तर तीन तास. दोन वर्षांनी निम्मं. सेल फुगून डबी उसवू लागली असेल तर ती लगेच काढून टाका, चार्ज करत राहू नका.

लाल दिवा: फायबरचा हिशोब

ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल किंवा पॉन इन्फो असा भाग असतो. त्यात आरएक्स पॉवर, म्हणजे बॉक्सपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे डीबीएम या एककात दिसते. उणे १५ ते उणे २५ असेल तर निश्चिंत राहा. उणे २५ ते २७ म्हणजे काठावर. उणे २७ च्या पलीकडे बॉक्स कधी धरेल, कधी सोडेल. आणि उणे ८ पेक्षा जास्त, म्हणजे उणे ५ वगैरे, हाही दोषच आहे. फार प्रकाशानेही रिसीव्हर गोंधळतो.

हा आकडा किती असायला हवा, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. पलीकडून साधारण अधिक ३ डीबीएम निघतो. वाटेत एकाचे आठ करणारे दोन स्प्लिटर असतील तर प्रत्येकी साडेदहा, म्हणजे २१ गेले. दोन-तीन किलोमीटर फायबरचा एक. चार-पाच जोडांचे मिळून दोन. म्हणजे उणे २१ च्या आसपास यायला हवं. शेजाऱ्याकडे उणे २१ आणि तुमच्याकडे उणे २७ असेल तर मधला ६ चा फरक फक्त तुमच्या तारेतला आहे. दर ३ ला प्रकाश निम्मा होतो, तेव्हा तुमच्यापर्यंत शेजाऱ्याच्या एक चतुर्थांशच पोचतो आहे.

घरात तपासण्यासारखं तीनच गोष्टींत आहे. कपाट भिंतीला सरकवताना पिवळी किंवा पांढरी बारीक तार काटकोनात मोडली आहे का. वळण किमान तीन सेंटिमीटर त्रिज्येचं ठेवा. हिरव्या कनेक्टरला निळा कनेक्टर जोडला आहे का. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे दोन्ही नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. आणि टोकाला धूळ आहे का. ते फुंकून किंवा रुमालाने पुसायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला धागे न सुटणारा कागद, किंवा २.५ मिलिमीटरचा क्लिक करून पुसणारा पेन वापरा. पुसण्याआधी तार दोन्ही बाजूंनी सोडवा आणि टोकात डोळा लावून कधीही बघू नका. तो प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

पावसात आकडा बिघडतो आणि ऊन पडलं की सुधारतो, असं असेल तर बाहेरच्या पेटीत पाणी शिरतं आहे, किंवा तिथे फायबर वितळवून न जोडता नुसत्या चिमट्याच्या कनेक्टरने भागवलं आहे. पावसाळी दिवशीचा आणि कोरड्या दिवशीचा आरएक्स आकडा लिहून ठेवा आणि लाइनमनला दाखवा. वितळवून जोडलेल्या नीट स्प्लाइसमध्ये ०.१ डीबीही जात नाही, तेव्हा तसाच जोड मागा.

राउटर बदलल्यावर रुसलेली गॅजेट्स

नवा राउटर आला की मोबाइल चालतात, पण स्मार्ट प्लग, बल्ब, दारावरचा कॅमेरा जोडला जात नाही. ही बहुतेक उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि नवा राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली देतो. दोन्ही बँडची नावं वेगळी करा. २.४ ला जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे प्रत्येक बल्ब नव्याने जोडत बसावं लागणार नाही. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा, नुसती डब्ल्यूपीए-३ जुन्या उपकरणांना कळत नाही. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ऑटोवर सोडलं आणि राउटर १२ किंवा १३ वर गेला, तर परदेशी बाजारासाठी बनवलेली काही उपकरणं त्याला शोधूच शकत नाहीत.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर किंवा प्रिंटर गायब झाला असेल तर कारण वेगळं असतं. त्याला पूर्वी कोणी ठरावीक पत्ता दिलेला असतो, समजा १९२.१६८.१.५०, आणि नव्या राउटरचं घर १९२.१६८.०.१ वर. राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.१ केला की दोन्ही परत दिसतात. मात्र ओएनटीही त्याच पत्त्यावर असेल तर आधी त्याचा पत्ता बदला किंवा तो ब्रिज मोडमध्ये (ओएनटी नुसती जोडणी पुढे देतो, लॉगिन राउटर करतो) टाकून घ्या.

वेगाबद्दल एवढंच: २.४ वर ३०० ची अपेक्षा ठेवू नका, दाट वस्तीच्या सोसायटीत ३०-४० सुद्धा चांगले. ३०० हवे असतील तर ५ गिगाहर्ट्झ, तेही त्याच खोलीत किंवा एका भिंतीआड. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फारसा पोचतच नाही. तिथे रिपीटरपेक्षा लॅन केबल ओढून पलीकडच्या खोलीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (नुसतं वाय-फाय देण्यापुरता) लावणं केव्हाही चांगलं. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती काढून बघा. तिच्या गोंगाटाने २.४ चा पट्टा खराब होतो.

एवढं करूनही वेग नाही

मग तक्रार करा, आणि आकड्यांनिशी करा. "नेट स्लो आहे" लिहिलं की पुन्हा रीस्टार्टचा सल्ला येईल. असं लिहा: "प्लॅन ३०० एमबीपीएस. ओएनटीच्या लॅन-१ ला लॅपटॉप थेट जोडलेला, लिंक १०००, वाय-फाय आणि व्हीपीएन बंद. सकाळी ७ वाजता डाउनलोड २९६, रात्री ९ वाजता ११८. आरएक्स पॉवर दोन्ही वेळी उणे २१.३. स्क्रीनशॉट जोडले आहेत." सकाळी पूर्ण आणि रात्री निम्म्याहून कमी, आरएक्स मात्र तोच, याचा अर्थ गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. जीपॉनच्या, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीच्या, एका पोर्टचे २.४८८ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्यामागची लाइन अपुरी असेल तर घरातलं काहीही बदलून फरक पडणार नाही. अशा वेळी महागडा राउटर खपवायला आलेल्या माणसाला परत पाठवा.

तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या, तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांनुसार त्याचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो आणि अपिलाला फी नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. अडॅप्टर, राउटर, मिनी यूपीएस अशी विकत घेतलेली वस्तू वॉरंटीत असून दुकानदार हात वर करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना बिल, वस्तूचा सिरीयल नंबर आणि भार लावून मोजलेल्या व्होल्टेजचा फोटो हाताशी ठेवा.